उभा राहून झिजलेला ट्रेलर

मोटार चालते तेवढी झिजते. बोटीच्या ट्रेलरचं उलटं असतं. वसंतात बोट घरून तलावावर, थंडी पडायच्या आत तलावावरून घरी, एवढंच त्याचं चालणं. बाकी वर्षभर तो कुंपणाशी गवतात उभा. टायर एकाच जागी दबून राहतात, हबमध्ये शिरलेलं पाणी तिथेच मुरतं, ब्रेकचा पिस्टन आखडतो, वायरींच्या जोडांवर हिरवा थर चढतो. म्हणून जुना ट्रेलर विकताना कुणी ‘फारसा चाललाच नाही हो’ असं कौतुकानं सांगायला लागलं, की मी खिशातून टॉर्च काढतो आणि सरळ जमिनीवर आडवा होतो.

ही सवय मला केंटकी राज्यात, आय-७५ महामार्गाच्या कडेला लागली.

आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या ईशान्येला असलेल्या लेक सेंट क्लेअरपासून जवळ राहात होतो. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात मराठी इंजिनिअर काही कमी नाहीत. मी त्यांतलाच एक, आणि माझं कामही चाकं आणि सस्पेन्शन यांच्याशीच. पण मोटारीचं हब कुणी मुद्दाम पाण्यात बुडवत नाही. ट्रेलरचं दर खेपेला बुडतं, आणि तिथून सगळा मामला निराळा होतो.

बोट होती कॅटलिना २२. शिडाची, साडेएकवीस फुटांची, आत चौघं जेमतेम झोपतील अशी. १९६९पासून पंधरा हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, त्यामुळे अमेरिकेत कुठल्याही तलावावर एखादी दिसतेच. माझी एका आजोबांकडून घेतलेली, ट्रेलरसकट. नोकरी जॉर्जियात लागली तेव्हा घर आवरलं, सामान ट्रकवाल्याच्या ताब्यात दिलं आणि बोट मात्र स्वतः ओढत न्यायची ठरवली. डेट्रॉइटहून अटलांटा सातशे मैलांच्या वर आहे. मिशिगन, ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया, आणि सबंध वाट जवळजवळ एकाच रस्त्यानं.

आजोबांनी विकताना सांगितलं होतं, ‘बेअरिंगमध्ये दर वर्षी ताजं ग्रीस भरतो.’ ते खोटं बोलत नव्हते. हबच्या टोपणावर निपल होतं, टोपण उघडलं तर आत स्वच्छ, मधासारखं ग्रीस. दिवे लागत होते. टायरची नक्षी खोल होती. ओहायो ओलांडून, सिनसिनाटीला नदीवरचा पूल पार करून आम्ही केंटकीत शिरलो तोवर गाडी मजेत चालली होती. लेक्सिंग्टन मागे पडल्यावर शेजारून जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला आणि खिडकीतून हात काढून मागे बोट दाखवलं. बायको म्हणाली, ‘अहो, काहीतरी जळतंय.’ आरशात डाव्या चाकामागे पांढरा धूर दिसला.

कडेला उभं राहून पाहिलं तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे फराटे उडालेले, आणि हबजवळ हात नेववत नव्हता. आतलं बेअरिंग जळून त्याची कडी स्पिंडलवर, म्हणजे आसाच्या टोकावर, चिकटून बसली होती. आणखी थोडं गेलो असतो तर स्पिंडल तुटून चाक सुटलं असतं. सुटलेलं चाक थांबत नाही. ते ओढणाऱ्या गाडीच्याही पुढे पळतं आणि समोर कोण येईल ते त्याच्या नशिबावर. पुढे जेलिको डोंगर होता, केंटकी-टेनेसीच्या सीमेवरचा, लांब चढ-उतारांचा. तिथं हे झालं असतं तर काय, याचा विचार मी आजही पुरता करत नाही.

शेतीची अवजारं दुरुस्त करणारे एक गृहस्थ जवळच्या गावातून आले. त्यांनी बेअरिंग हातात घेतलं, आतला गंज दाखवला आणि विचारलं, ‘ग्रीस कुठून भरत होता?’ मी टोपणाकडे बोट दाखवलं. ते फक्त हसले.

त्या हसण्याचा अर्थ असा. हबमध्ये दोन बेअरिंग असतात, बाहेरचं लहान आणि आतलं मोठं. आतल्या बेअरिंगच्या मागे रबरी सील. बाहेरच्या टोपणात स्प्रिंगच्या दाबावर ग्रीस धरून ठेवणारी जी व्यवस्था असते, ती बाहेरच्या बेअरिंगपुरती उत्तम. पण टोपणातून दाबलेलं ताजं ग्रीस आतल्या बेअरिंगपर्यंत पोचेलच असं नाही. बऱ्याचदा ते पुढच्याच पोकळीत साठतं. आणि जोर लावून भरत राहिलं तर मागचं सील बाहेर ढकललं जातं. मग मागून पाण्याला वाट मोकळी, आणि पुढून पाहणाऱ्याला सगळं मधासारखं.

पाणी शिरतं कसं तेही सांगतो. मैलोगणती चालून आलेलं हब गरम असतं. ते तसंच तलावाच्या उतारावरून थंड पाण्यात उतरवलं की आतली हवा एकदम आकसते, आत ओढ निर्माण होते आणि झिजलेल्या सीलच्या कडेनं पाणी आत खेचलं जातं. नंतर ट्रेलर महिनोन्‌महिने उभा. पाणी खाली बसतं, आणि रोलरचा जो भाग खाली आलेला असेल तिथे गंजाचे ठिपके पडतात. तेवढे ठिपके चार मैलांच्या प्रवासाला पुरून उरतात. चारशे मैलांना नाही.

म्हणून लांबच्या वाटेला निघायच्या आधी जुन्या ट्रेलरचं हब पूर्ण उघडायचं. टोपणातून पिचकारी मारणं म्हणजे हब उघडणं नव्हे. चाक उचला, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवा; खडखड आली तर बेअरिंग सैल. चाक फिरवून कान द्या. खरखर ऐकू आली तर आत गंज. आणि हे दोन्ही नसलं तरी उघडाच. बेअरिंग बदलायचं तर त्याची बाहेरची कडी, जी हबमध्ये ठोकून बसवलेली असते, तीही बदला. जुनी कडी आणि नवं बेअरिंग हा संसार टिकत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ३,५०० पौंडांच्या आसावर बहुतेकदा आत एल-६८१४९ आणि बाहेर एल-४४६४९ ही जोडी असते, पण गृहीत धरू नका, स्वतः वाचा. ग्रीस पाण्याला टिकणारं, मरीन जातीचं हवं, आणि जुन्यात मिसळू नका. जुनं केरोसिननं पार धुऊन, वाळवून मगच नवं. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस डोकावेपर्यंत. सील नवंच लावा. मधला नट चाक फिरवत घट्ट करा म्हणजे सगळं जागेवर बसेल, मग सैल सोडा आणि नुसत्या बोटांनी आवळा. कॉटर पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून पुन्हा घालणारे मी पाहिले आहेत. पिनेची किंमत चहाएवढीही नसते.

आमच्या बाबतीत बेअरिंगनं भागलं नाही. स्पिंडल खरवडला गेल्यामुळे सगळा आसच बदलावा लागला. त्यात जे शिकायला मिळालं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. आस मागवायला दोन मापं लागतात: एका हबच्या चाक बसणाऱ्या पृष्ठापासून दुसऱ्या हबच्या त्याच पृष्ठापर्यंतचं अंतर, आणि दोन्ही पाट्यांच्या स्प्रिंगांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं. ही दोन मापं, आसाची क्षमता, चाकाला बोल्ट किती आणि त्यांचं वर्तुळ केवढं, हे सगळं घरी निवांतपणे मोजून कागदावर लिहून गाडीत ठेवा. रस्त्याच्या कडेला, ट्रक अंगावरून जात असताना, बोटीच्या पोटाखाली शिरून टेप धरणं फार वाईट. त्याहून चांगलं म्हणजे एक आख्खं हब, बेअरिंग आणि ग्रीस भरून, सील ठोकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर घेणं. स्पिंडल शाबूत असेल तर रस्त्याकडेलाही तासाभरात काम होतं.

आता टायर. माझे वाचले, पण ते नशीब म्हणायचं. त्या गृहस्थांनीच टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. २३१२ असेल तर २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असणं याचा ट्रेलरच्या बाबतीत काहीच अर्थ नाही, कारण तो चालतच नाही. रबर उन्हानं आणि वयानं मरतं. कडेला बारीक चिरा दिसल्या, किंवा वय सहा-सात वर्षांच्या पुढे गेलं, तर टायर कितीही देखणा असो, लांबच्या प्रवासाला नको. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांच्यावर एसटी लिहिलेलं असतं, त्यांच्या कडा जास्त ताठ असतात. वेगळा आकडा दिला नसेल तर त्यांची मर्यादा ताशी ६५ मैल धरायची. मी ५५ ते ६०मध्ये चालतो आणि मागून दिवे मारणाऱ्यांना जाऊ देतो.

हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याएवढी, आणि थंड टायरमध्ये भरलेली. हवा कमी असली की कड वाकते, तापते आणि फाटते. भाराचं गणितही करून बघा. २०५/७५-आर१४ मापाचा ‘सी’ दर्जाचा टायर ५० पीएसआयला १,७६० पौंड उचलतो. दोन मिळून ३,५२०. माझी बोट कोरी असताना साधारण २,२५० पौंडांची. ट्रेलर, इंजिन, शिडं, नांगर धरून सगळा भार ३,५०० पौंडांच्या आसपास जात होता. म्हणजे हाताशी शिल्लक काहीच नाही. नवीन घेतले ते ‘डी’ दर्जाचे, ६५ पीएसआयला २,०४० पौंडांचे, आणि रिमही तेवढा दाब सोसणारी आहे ना ते पाहून.

वजन अंदाजानं ठरवू नका. अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात, थोड्या डॉलरात छापील पावती मिळते. घर हलवताना तर हे फारच महत्त्वाचं, कारण बोटीची केबिन ही रिकामी खोली आहे असं सगळ्यांना वाटायला लागतं. आमच्याकडे पुस्तकांची खोकी आणि सासूबाईंचा पाटा-वरवंटा केबिनमध्ये जायच्या बेतात होता. पाटा शेवटी गाडीतच, पुढच्या सीटच्या मागे खाली, बांधून नेला. बोटीत ठेवलेली प्रत्येक जड वस्तू आस, टायर आणि ब्रेक या तिघांवर बसते; शिवाय ती मागे ठेवली तर तोल बिघडतो.

हा तोल ज्यानं बैलगाडी भरली आहे त्याला शिकवावा लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे फार आलं की धुरजड होऊन बैल दबतात. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या बॉलवर, हवा. त्याहून कमी असला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा झोके सुरू झाले की ते वाढत जातात. घरच्या वजनाच्या काट्यावरही हा भार मोजता येतो. एक भक्कम फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दांडा विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेका. काट्यावरचा आकडा गुणिले तीन. भार कमी निघाला तर बोटीची नाळ जिथे टेकते तो खांब पुढे सरकवून बोट पुढे घ्या. झोके सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि जोरात ब्रेक मारायचा मोह आवरा.

बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं. दोन इंची कपलर पावणेदोनहून जरा मोठ्या, म्हणजे १ ७/८ इंची बॉलवरही खटकन बसतो आणि बंद झाल्यासारखा दिसतो. पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. बसवल्यावर पुढच्या जॅकनं दांडा उचलून पाहा. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली तरच तो खरा बसला. खटक्यात पिन घाला. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे दांडा सुटला तर जमिनीत रुतण्याऐवजी त्यांच्या झोळीत पडेल. आणि त्या रस्त्याला घासणार नाहीत इतक्याच लांब ठेवा. घासल्या की ठिणग्या उडतात.

सांगाड्याबद्दल एवढंच: पोकळ चौकोनी नळीचा असेल तर तो आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत राहतो. हातोडीनं ठोकत जा. टणटण आवाज जिथे बद्द होतो तिथे पेचकस खुपसून पाहा. पाट्यांच्या स्प्रिंगांच्या मधली फुगलेली गंजपुटं आणि आस धरणारे यू-बोल्ट जरूर बघा. बोट ज्या गालिचा लावलेल्या लाकडांवर बसते ती गालिच्याखाली कुजलेली असू शकतात.

ब्रेक असतील तर ते बहुधा सर्ज प्रकारचे असतात: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, आणि त्याच ढकलण्यानं दांड्यातला मास्टर सिलिंडर दबतो. युक्ती सुरेख आहे, पण वर्षभर उभं राहून तेल काळं पडतं आणि चाकाकडचे पिस्टन अडकतात. अडकलेला ब्रेक हबला तापवतो, आणि मग चांगलं बेअरिंगही फुकट जातं. लांब उतारावर सर्ज ब्रेक सतत घासत राहू नयेत म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घाला. जेलिकोच्या उतारावर आम्ही ट्रकांच्या रांगेत, त्यांच्याच वेगानं उतरलो. कुठल्या वजनाला ब्रेक सक्तीचे, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम आधीच बघून ठेवा.

दिव्यांची नव्वद टक्के दुखणी अर्थिंगची असतात, असं माझं मत आहे. पांढरी वायर अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची, हिरवी उजव्या. पांढरी तुटली तरी बॉलमधून थोडंफार अर्थिंग मिळतं, त्यामुळे अंगणात दिवे लागतात आणि रस्त्यावर मिणमिणतात. पांढऱ्या वायरीला सांगाड्यावर नवी, घासून स्वच्छ केलेली जागा द्या. जुने बल्ब काढून सीलबंद एलईडी लावले तर ही डोकेदुखी कायमची जाते.

खुद्द बोट बांधण्यात माणसं नाळेकडच्या विंचवर फार विसंबतात. विंचचा पट्टा हा बोट वर ओढायला असतो. प्रवासात नाळेला वेगळी साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना रॅचेटचे पट्टे हवेत. कॅटलिनाची खाली-वर होणारी कील, म्हणजे बोटीखालचं जड पातं, सुमारे ५५० पौंडांची आहे. ती तिच्या तारेवर लोंबकळत ठेवू नका, ट्रेलरच्या आधारावर अलगद टेकवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा हिसका तारेला आणि खिळीला बसतो. मागच्या कंसावरचं इंजिन उतरवून गाडीत घ्या. डोलकाठी आडवी करून तीन जागी बांधा, तिच्या तारा गुंडाळून चिकटपट्टीनं आवळा आणि मागे आलेल्या टोकाला लाल कापड लावा.

निघालात की पहिला थांबा दहा-पंधरा मैलांवरच घ्या. उतरून दोन्ही हबांना हाताची मागची बाजू लावा. कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. दोन्ही बाजूंची तुलना जास्त बोलकी असते: एक थंड आणि एक गरम, म्हणजे गरमवाल्यात काहीतरी आहे. मी आता लेझरचं छोटं थर्मामीटर बाळगतो आणि दर पेट्रोल थांब्यावर आकडे लिहितो. मुलाला ते काम आवडतं. चाकं नवी बसवली असतील तर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क पान्यानं आवळा. अर्ध्या इंची बोल्टांना सहसा ९० ते १२० फूट-पौंड लागतात. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, आणि टायर बसल्यावर खाली आलेल्या आसाखाली तुमचा जॅक शिरतो का, हे घरीच करून बघा. रस्त्यावर मदत देणाऱ्या योजनेत ट्रेलर धरलेला आहे का तेही विचारा, कित्येकांत नसतो.

निघण्याआधी बोट धुऊन, आतलं सगळं पाणी काढून, वाळवून न्यायची. लेक सेंट क्लेअरमध्येच १९८८मध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि तिथून ते देशभर पसरले, त्यात ट्रेलरवरून फिरणाऱ्या बोटींचा मोठा हात आहे. मिशिगनमध्ये २०१९पासून रस्त्यानं बोट नेताना पाणी काढायचं बूच काढूनच न्यावं लागतं. आणि पोचल्यावर लगेच पाण्यात शिरायची घाई नको. जॉर्जियातल्या लेक लॅनिअरच्या उतारावर आम्ही ट्रेलर उभा केला, डबे उघडून जेवलो, हब पुरते निवू दिले, दिव्यांचा प्लग काढला आणि मगच मागे घेतला. तेवढ्या वेळात काढलेलं बूच परत लावायची आठवण होते. माझं बूच मी गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवतो.